शंभर मिलिलिटर पाण्याची साक्ष

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मनमाड मागे पडले की पुढे नांदगाव लागते. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाचा जोर इथपर्यंत येता येता ओसरून जातो. गिरणा नदीवरचे, १९६९ साली पुरे झालेले मोठे धरण याच तालुक्यात आहे, पाणीटंचाईसाठी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले मनमाडही याच तालुक्यातले! पाऊस कमी झाला की पुढच्या उन्हाळ्यात इथल्या अनेक खेड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि लोकांचे डोळे टँकरच्या वाटेकडे लागतात.

मित्रांनो, समजा, तुम्ही अशाच एका खेड्यात राहता. एप्रिल संपत आला आहे. टँकर येतो, आपले पाणी गावच्या विहिरीत ओततो आणि निघून जातो. मग दोर आणि पोहरे घेऊन विहिरीभोवती गर्दी होते. तुमच्या घरीही हंडा भरून येतो. थोडे निवल्यावर ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन तुम्ही उजेडात धरता. आरपार दिसते. वास नाही, चव चांगली. आजी म्हणते, "बघ, कसं आरशासारखं पाणी आहे!"

हे पाणी प्यायला योग्य आहे का?

डोळा, नाक आणि जीभ या तिघांनाही या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो जिवाणू असले तरी ते गढूळ दिसत नाही. जिवाणूची लांबी साधारण एक-दोन मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा किंवा पाचशेवा भाग. 'स्वच्छ' आणि 'शुद्ध' हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण पाण्याच्या बाबतीत त्यांच्यात जीवन-मरणाचा फरक पडू शकतो.

हे काही जुन्या काळचे बोलणे नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील पाच डोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीची साथ आली. वीज तोडली गेल्यामुळे गावचा नळपाणीपुरवठा बंद पडला होता, म्हणून लोक उघड्या विहिरीचे पाणी प्याले. त्या दूषित पाण्याने काही जणांचे प्राण गेले. लोकांना तहान लागली होती आणि समोर पाणी होते, एवढेच!

चोर शोधावा की चोराची पावले?

पाण्यातून पसरणारे रोग पुष्कळ आहेत. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ ही त्यांतली ठळक नावे. रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ १८८४ साली कोलकात्यात पटकीचा शोध घेत होता. ज्या तळ्याचे पाणी लोक पीत आणि ज्यात कपडेही धूत, अशा एका तळ्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा पटकीचा जंतू सापडला. मग तुम्ही म्हणाल, "आपणही असेच करावे. पाणी घ्यावे, सूक्ष्मदर्शकाखाली धरावे आणि रोगजंतू शोधावेत!"

पण यात तीन अडचणी आहेत. पहिली अशी, की रोगजंतू अनेक जातींचे असतात आणि प्रत्येकाला शोधण्याची रीत वेगळी असते. दुसरी अडचण, ते पाण्यात फार विरळ असतात. सबंध विहिरीतून घेतलेल्या एका बाटलीत नेमका एखादा जंतू येईलच असे नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. रोगजंतू सापडेपर्यंत थांबायचे, तर तोवर लोक ते पाणी पिऊन आजारी पडलेले असतात.

म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. पाण्यात रोगजंतू आहेत का, असे न विचारता त्यांनी विचारले, "या पाण्यात माणसाची किंवा जनावरांची विष्ठा मिसळली आहे का?" कारण वर सांगितलेल्या रोगांचे जंतू रोग्याच्या विष्ठेतूनच पाण्यात येतात. आज विष्ठा मिसळण्याची वाट उघडी असेल, तर उद्या त्याच वाटेने पटकीही येऊ शकेल.

मग विष्ठेची खूण कोणती? १८८५ साली थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाला तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एक दांडीसारखा जिवाणू आढळला. त्याच्याच नावावरून या जिवाणूला पुढे 'एशेरिकिया कोलाय' हे नाव मिळाले. आपण त्याला ई. कोलाय म्हणू. तो निरोगी माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत राहतो. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. एक ग्रॅम विष्ठेत तो कोट्यवधींच्या संख्येने असतो. म्हणून पाण्यात तो दिसला, तर त्याने नुकतीच विष्ठा मिसळल्याची साक्ष दिली असे समजावे. तो स्वतः चोर असेलच असे नाही, पण चोर कोणत्या दाराने येतो हे तो दाखवतो.

भारतीय मानक संस्थेचा २०१२ सालचा पिण्याच्या पाण्याविषयीचा नियम अगदी स्पष्ट आहे. पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात एकही ई. कोलाय आढळता कामा नये. क्षार थोडे जास्त असले तर पर्यायी स्रोत नसताना नियमात काही सवलत आहे, पण इथे मात्र शून्य म्हणजे शून्यच!

नमुना घेणे ही निम्मी परीक्षा

आता तुमच्या गावी आरोग्यसेवक नमुना घ्यायला आले आहेत अशी कल्पना करा. त्यांच्याजवळ एक काचेची बाटली आहे. तिच्या तोंडावर कागद बांधलेला आहे. ही बाटली प्रयोगशाळेत दाबाखालच्या १२१ अंश सेल्सियस तापमानाच्या वाफेत ठेवून निर्जंतुक केलेली असते. तुम्ही मदत करावी म्हणून पुढे होता आणि म्हणता, "काका, आमच्या पोहऱ्यातूनच घ्या ना पाणी!"

ते हसून म्हणतात, "नको बाळ. मग ती विहिरीची तपासणी होणार नाही, तुझ्या पोहऱ्याची होईल."

ते बाटलीला स्वच्छ दोरी आणि वजन बांधतात, बाटली कडेच्या दगडांना न लावता पाण्यात सोडतात आणि भरल्यावर वर ओढून लगेच बूच लावतात. बाटलीच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतल्या भागाला बोट लागू देत नाहीत. वर थोडी जागा मोकळी ठेवतात, म्हणजे प्रयोगशाळेत पाणी हलवून सारखे करता येते. नळाचा नमुना असेल तर नळाला बांधलेले फडके किंवा रबरी नळी काढतात, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देतात, धातूच्या नळाचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने जाळून निर्जंतुक करतात, पुन्हा थोडे पाणी सोडतात आणि मगच बाटली भरतात.

बाटलीच्या तळाशी तुम्हाला पांढरे कण दिसतील. ते सोडियम थायोसल्फेट. त्याचे काम काय? पाण्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीतही जंतू मारीतच राहील आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूषित पाणीसुद्धा निर्दोष ठरेल. थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे निष्प्रभ करते. त्यामुळे नमुना घेतल्या क्षणी पाण्याची जी स्थिती होती, ती तशीच राहायला मदत होते.

मग बाटलीवर गाव, ठिकाण, तारीख आणि वेळ लिहिली जाते आणि ती बर्फाच्या पेटीत ठेवली जाते. नांदगावहून नाशिक रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात गाडीतल्या उन्हात बाटली तशीच पडली तर काही जिवाणू मरतील, काही वाढतील आणि अहवाल कशाचाच राहणार नाही. म्हणून नमुना थंड ठेवायचा, पण गोठवायचा नाही. तो शक्य तितक्या लवकर आणि फार तर २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचलाच पाहिजे.

प्रयोगशाळेत काय होते?

एक-दोन जिवाणू आपल्याला दिसत नाहीत. मग त्यांची संख्या वाढवली तर? अनुकूल तापमान आणि भरपूर अन्न मिळाले की ई. कोलाय सुमारे दर २० मिनिटांनी दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. तासात तीन वेळा, ८ तासांत २४ वेळा. आता वहीत गणित करून पाहा. एकाला चोवीस वेळा दोनाने गुणले, म्हणजे २ चा २४ वा घात घेतला, तर उत्तर १,६७,७७,२१६ येते. एका जिवाणूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक! अन्न संपले की ही वाढ थांबते, पण तोवर त्यांचे अस्तित्व उघडे पडलेले असते.

यासाठी परीक्षानळ्यांत मॅकॉन्की नावाचे जांभळट पोषकद्रव घेतात. त्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असते आणि पित्तातले क्षारही असतात. आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंना पित्ताची सवय असते, इतर पुष्कळ जिवाणूंना ते सोसत नाही. म्हणजे हे द्रव एक प्रकारची चाळणीच होय. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी बुडवून ठेवलेली असते. नमुन्याचे पाणी घालून या नळ्या उबवणपेटीत ३७ अंशांच्या सुमारास ठेवतात. कोलाय गटाचे जिवाणू असले तर ते लॅक्टोज आंबवतात. आम्ल तयार होऊन द्रव पिवळे होते आणि वायूचा बुडबुडा उलट्या नळीत अडकतो. २४ तासांनी पाहतात, काही दिसले नाही तर ४८ तासांपर्यंत थांबतात.

पण कोलाय गटाचे काही भाऊबंद मातीत आणि पालापाचोळ्यातही राहतात. त्यांना वेगळे कसे करायचे? इथे क्रिस्तियान आइकमान यांची युक्ती कामाला येते. कोंडा काढून सडलेल्या तांदळाशी बेरीबेरी रोगाचा संबंध उलगडणारे आणि त्यासाठी १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच आइकमान. त्यांनी १९०४ साली दाखवले, की उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांतला हा जिवाणू ४६ अंशांच्या उष्णतेतही साखर आंबवतो, इतर बहुतेकांना ते जमत नाही. आज ही दुसरी परीक्षा ४४ अंशांच्या आसपास करतात. शिवाय एका रसायनाचे थेंब टाकून लाल कडे उमटते का तेही पाहतात. दोन्ही परीक्षा उतरल्या की ई. कोलाय आहे असे ठरते.

न मोजता मोजणी

आता जिवाणू किती होते, हे कसे सांगायचे? यासाठी एक सुंदर हिशेब आहे. पंधरा नळ्या घेतात. पाच नळ्यांत नमुन्याचे १० मिलिलिटर पाणी, पाचांत १ मिलिलिटर आणि उरलेल्या पाचांत ०.१ मिलिलिटर घालतात. समजा, १० मिलिलिटरच्या पाचही नळ्यांत वायू दिसला, पण बाकीच्या दहांत काहीच नाही. याचा अर्थ, १० मिलिलिटर पाणी घेतले की त्यात निदान एक जिवाणू सापडतो, पण १ मिलिलिटरमध्ये सहसा सापडत नाही. संभाव्यतेच्या गणिताने अशा वेळी १०० मिलिलिटरमागे सर्वांत संभाव्य संख्या २३ येते. म्हणजे सरासरीने सुमारे सव्वाचार मिलिलिटरमागे एक. एकही जिवाणू डोळ्यांनी न मोजता, केवळ 'आहे' आणि 'नाही' यांवरून काढलेली ही संख्या!

दुसरी रीत अशी, की १०० मिलिलिटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळायचे आणि तो पडदा पोषक थरावर ठेवायचा. त्यावर अडकलेल्या प्रत्येक जिवाणूची वाढ होऊन एकेक ठिपका दिसू लागतो. ते ठिपके मोजायचे.

काळी पडणारी बाटली

परंतु प्रत्येक खेड्याजवळ प्रयोगशाळा कुठून आणणार? या प्रश्नावर आपल्याच देशात एक सोपे उत्तर निघाले. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मंजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. छोट्या निर्जंतुक बाटलीत रसायने शोषलेला कागद असतो. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि ती उबदार जागी ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कागदातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन काळे लोह सल्फाइड बनते आणि सबंध बाटली काळी पडते! बहुधा एक-दोन दिवसांत निकाल लागतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन अभियानात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संच वापरायला शिकवण्याची योजना आखली गेली. त्यामुळे पाण्याची परीक्षा गावात, गावकऱ्यांच्याच हातांनी करणे शक्य झाले.

मात्र ही चाचणी धोक्याची घंटा आहे, शेवटचा निकाल नव्हे. जमिनीतले काही निरुपद्रवी जिवाणूही बाटली काळी करू शकतात. म्हणून बाटली काळी झाली की पाणी उकळून पिऊ लागावे आणि प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. काळी झालेली बाटली कुतूहल म्हणून उघडू नका, तिच्यात जिवाणूंची दाट वस्ती असते!

साक्षीदाराची मर्यादा

ई. कोलाय हा चांगला साक्षीदार आहे, पण त्याला सारेच ठाऊक असते असे नाही. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेच्या पुरानंतर शहराचे सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे सरकले होते. जलशुद्धीकरण केंद्राने तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्यामुळे जिवाणू मेले आणि विषमज्वराची साथ आली नाही, पण अधिक चिवट विषाणू मात्र निसटले. पुढे १९८० साली पुण्याच्या विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जुन्या साथींतल्या रोग्यांचे साठवून ठेवलेले रक्तरस तपासले आणि ही कावीळ तोवर माहीत असलेल्या 'अ' किंवा 'ब' विषाणूची नव्हती असे दाखवले. आज त्या विषाणूला 'हिपॅटायटिस ई' म्हणतात.

यातून शिकायचे ते असे. ई. कोलाय सापडला तर पाणी दूषित आहेच. नाही सापडला, तर नमुना घेतला त्या वेळी दूषितपणाची खूण मिळाली नाही, एवढेच म्हणता येते. नांदगाव परिसरातला खडक काळा बेसाल्ट आहे. वाळूच्या जाड थरातून पाणी हळूहळू गाळून निघते, पण खडकाच्या भेगांतून ते झरकन विहिरीत उतरते आणि जवळच्या गोठ्याची किंवा शौचखड्ड्याची घाणही बरोबर आणते. मे महिन्यात निर्दोष ठरलेली विहीर जूनच्या पहिल्या पावसानंतर दूषित होऊ शकते. म्हणून परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या जागांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे, ती याचसाठी.

अहवाल येईपर्यंत

अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, तहान मात्र थांबत नाही. म्हणून रोजचा पहारेकरी हवा. तो पहारेकरी म्हणजे क्लोरीन. गावात ज्याला 'टीसीएल' म्हणतात, ती ब्लीचिंग पावडर विहिरीत किती घालावी याचे गणित तुम्हीही करू शकाल. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर

३.१४ × ४ × ४ × ३ ÷ ४ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर.

चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम धरली, तर ९४ ग्रॅम लागेल. टँकर आला आणि पाण्याची खोली वाढली, की हा हिशेब नव्याने करायला हवा. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे, मुलांनी पावडरला हात लावू नये. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू देतात आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडून ढवळतात. मग निदान एक तास कोणी पाणी शेंदायचे नाही. उघड्या पोत्यात राहिलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून तिचेही नमुने तपासतात.

तासाभराने पाण्यात क्लोरीन उरला आहे का, ते 'ओटी' चाचणीने कळते. औषधाचे थेंब टाकताच पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. हल्ली गुलाबी रंग देणारे दुसरे, अधिक सुरक्षित औषधही वापरतात. एका लिटरमध्ये निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. पाणी पाजळले आणि रंग आलाच नाही, तर विहिरीतल्या गाळाने सारा क्लोरीन खाऊन टाकला असे समजावे.

आता आपण पुन्हा त्या पेल्याकडे वळू. पाणी आरशासारखे दिसते, तरी विहिरीवर विचारावे, "आज टीसीएल टाकली का? ओटी घेतली का?" उत्तर 'नाही' असेल, तर पाणी दुपदरी फडक्याने गाळून खळखळून उकळी येऊन एक मिनिटभर तरी उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, नाहीतर शुद्ध केलेल्या पाण्यात आपलीच बोटे बुडतात.

यानंतर एक काम करा. तुमच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे आणि त्यानंतर किती पाऊस पडून गेला, हे गुरुजींना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. अहवाल सापडला नाही, तर ग्रामपंचायतीकडे नवा नमुना पाठवण्याची विनंती सगळ्या वर्गाने मिळून करा. शंभर मिलिलिटर पाणी साक्ष द्यायला तयार असते, फक्त त्याला कोणीतरी विचारावे लागते.